५२ − २७ = ३५ : चुकलेल्या उत्तरापासून सुरुवात करू या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी तिसरीत आहे. वर्गात जमणारी वजाबाकी घरी आल्यावर जमत नाही, ५२ − २७ चं उत्तर ती ३५ लिहिते. पाढे घडाघडा म्हणते, पण मध्येच ‘सात आठे किती?’ विचारलं की गप्प होते. तुम्ही रोज तासभर बसवून पन्नास गणितं सोडवून घेता, त्याचा शेवट रडण्यात होतो. त्यातून शाळेची पद्धत तुमच्यापेक्षा निराळी. वर्गात काय व्हायला हवं आणि घरी सराव कसा नि किती घ्यावा, हे तुम्हाला हवं आहे. अठ्ठावीस वर्षं पहिली ते पाचवीच्या वर्गांना गणित शिकवते आहे, त्यातून जे कळलं ते सांगते.

पन्नास गणितं आजपासून थांबवा. आधी तिची वही घेऊन शांतपणे एकटेच बसा आणि चुकलेली उत्तरं एका कागदावर उतरवून काढा. मला खात्री आहे की ५२ − २७ = ३५ च्या शेजारी तुम्हाला ६१ − ३८ = ३७ आणि ४० − १६ = ३६ अशी उत्तरं सापडतील. आणि ८४ − ५२ = ३२ मात्र बरोबर असेल. आता ही चारही उत्तरं एकत्र वाचा. यात धांदरटपणा कुठे आहे? मुलगी एक नियम अगदी काटेकोरपणे पाळते आहे: प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा. २ आणि ७ दिसले की ७ − २, मग वर कोण आणि खाली कोण याला महत्त्व नाही. या नियमानं ८४ − ५२ बरोबर येतं, म्हणून तिला तो खरा वाटतो.

जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या दोन संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या अशाच वजाबाक्या तपासून दाखवलं होतं की बऱ्याच चुका अंदाधुंद नसतात. संगणकाच्या प्रोग्राममध्ये एखादी ओळ चुकावी आणि तो दर वेळी तेच चुकीचं उत्तर द्यावा, तशा त्या असतात. हे एकदा मनात बसलं की सरावाकडे बघण्याची नजरच बदलते. चुकीचा नियम डोक्यात असताना पन्नास गणितं सोडवली, तर तो नियम पन्नास वेळा घोटला जातो. तुमची मेहनत वाया जात नाहीये, ती चुकीच्या गोष्टीला पक्कं करते आहे, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

हा नियम मुलांना कुठून मिळतो? बहुतेक वेळा आमच्याकडूनच. ‘लहानातून मोठी संख्या वजा होत नाही’ हे वाक्य मी स्वतः कितीतरी वर्षं फळ्यापाशी उभी राहून म्हटलं आहे. मूल त्याचा सरळ अर्थ घेतं: नेहमी मोठ्यातून लहान वजा करायची. पुढे ऋण संख्या आल्या की हे वाक्य खोटंही ठरतं. आता मी ते वापरत नाही. ‘सुटे दोनच आहेत, द्यायचे आहेत सात, काय करू या?’ असं विचारते. ‘उसना घे’ या शब्दाबद्दलही माझं मत बदललं आहे. एका मुलानं मला विचारलं होतं, “बाई, उसना घेतलेला दहा परत कधी द्यायचा?” त्याचा प्रश्न रास्त होता. शेजारच्या घरातून उसनं आणल्यासारखं आपण बोलतो, पण कुणाकडून काहीच आणलेलं नसतं. ५२ होते, ते ५२ च राहतात. पाच दशक दोन एकक होते, ते चार दशक बारा एकक झाले, एवढंच. म्हणून मी ‘दशक सुटा करू’ म्हणते.

हे काड्यांनी करून बघा. दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या रबरानं बांधा, दोन सुट्या ठेवा. तिला सत्तावीस काड्या तुम्हाला द्यायला सांगा. ती दोन जुड्या देईल, मग सात सुट्या देताना अडेल. अडू द्या. सुचवू नका. बहुतेक मुलं स्वतःच रबर काढतात. रबर काढलं की तिला एक प्रश्न जरूर विचारा: “आता तुझ्याकडे काड्या वाढल्या, कमी झाल्या की तेवढ्याच?” तिसरीतली पुष्कळ मुलं ‘वाढल्या’ म्हणतात, कारण सुट्या काड्यांचा ढीग मोठा दिसतो. तिनंही तसं म्हटलं, तर वजाबाकी बाजूला ठेवून दोन दिवस फक्त जुड्या सोडण्याचा आणि बांधण्याचा खेळ घ्या. खरी अडचण तिथे असते आणि वहीत ती कधीच दिसत नाही.

काड्यांवरून लिहिण्याकडे जाताना घाई होते. जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात मांडलेला क्रम मला आजही उपयोगी पडतो: आधी हातानं करणं, मग चित्र, मग चिन्हं. पण माझ्या अनुभवात हे तीन वेगळे धडे असू नयेत. काड्या एका दिवशी आणि उभी मांडणी तिसऱ्या दिवशी, असं झालं की मुलाच्या डोक्यात ती दोन वेगळी गणितं होतात. म्हणून हातानं एक जुडी सोडली की लगेच वहीत ५ खोडून ४ लिहायचे, सुट्या मोजल्या की २ च्या जागी १२ लिहायचे. हात आणि पेन्सिल बरोबरीनं चालले पाहिजेत. चार-पाच दिवसांनी काड्यांऐवजी उभ्या रेघा आणि ठिपके काढा, रेघ म्हणजे दहा, ठिपका म्हणजे एक. त्यानंतर ती स्वतःच म्हणेल की आता चित्र नको.

शून्य असलेली वजाबाकी याहून अवघड. ३०० − १४७ मध्ये शतक सुटा करून दहा दशक, त्यातला एक सुटा करून दहा एकक, अशी दोन पायऱ्यांची कसरत आहे आणि इथे भलेभले गडबडतात. मी मुलांना दुसरी वाटही दाखवते. १४७ वरून ३०० पर्यंत चालत जा: १५० पर्यंत ३, २०० पर्यंत ५०, ३०० पर्यंत १००, मिळून १५३. किंवा दोन्ही संख्यांमधून एक काढून टाका, २९९ − १४६ करा, आता काही सुटं करायलाच नको, उत्तर तेच १५३. अंतर तेवढंच राहतं हे संख्यारेषेवर दाखवलं की मुलांचे डोळे चमकतात.

यात आपल्या भाषेचाही एक भाग आहे, तो फार कमी पालकांच्या लक्षात येतो. ‘बावन्न’ म्हणताना आपण आधी दोन म्हणतो आणि मग पन्नास. लिहिताना मात्र आधी ५ आणि मग २. म्हणून ऐकून लिहिताना मुलं बावन्नचे २५ करतात. तिला दहा संख्या तोंडी सांगा आणि उत्तराऐवजी पेन्सिलीकडे बघा. ती आधी एककाचा अंक लिहून मग डावीकडे जागा सोडून दशकाचा लिहीत असेल, तर ती कानानं लिहिते आहे. जर्मन भाषेतही एकवीसला ‘एक आणि वीस’ असंच म्हणतात, म्हणजे ही अडचण आपल्या एकट्यांची नाही. पण आपल्याकडे वर ‘एकोण’ आहे. एकोणसाठ ऐकलं की मुलाला साठ ऐकू येतं आणि ते ६९ लिहितं. ‘एकोण म्हणजे एक कमी’ हे तिला कुणी उलगडून सांगितलं आहे का, विचारा. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास एकदम ओळीनं लावून दाखवलं तर पाच मिनिटांत समजतं. नव्याण्णव तेवढा या रांगेत बसत नाही, तो वेगळा सांगावा लागतो. माझा उपाय साधा आहे: काही आठवडे प्रत्येक संख्या दोन प्रकारे म्हणायची, ‘बावन्न, पाच दशक दोन’.

आता पाढे. पाढे म्हणण्याला माझा अजिबात विरोध नाही. ‘सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस’ या तालात जी ताकद आहे ती कुठल्याही तक्त्यात नाही. पण ताल हा जिना असतो. आठव्या पायरीवर जायचं तर मुलाला पहिलीपासून चढावं लागतं, म्हणून तुमची मुलगी मध्येच विचारलं की थांबते. तिला पाढा येतो, गुणाकार सुटासुटा आठवत नाही. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत आणि दुसऱ्याचा सराव वेगळा घ्यावा लागतो.

तिला आधी हे दाखवा की काम वाटतं तेवढं मोठं नाही. एक ते दहाच्या पाढ्यांत शंभर गुणाकार दिसतात. ७ × ८ आणि ८ × ७ एकच आहेत हे कळलं की पंचावन्न उरतात. त्यातून १, २, ५ आणि १० चे काढा, ते तिला येत असणार. उरले एकवीस. ३, ४, ६, ७, ८, ९ या सहा अंकांचे आपापसातले गुणाकार, बस्स. हे एकवीस गुणाकार एकवीस कागदांवर लिहा, मागे उत्तर. जे तीन सेकंदांत येतात त्यांचा एक गठ्ठा, बाकीच्यांचा दुसरा. दुसऱ्या गठ्ठ्यातले रोज तीनच घ्यायचे, जास्त नाही.

आणि जो येत नाही तो ‘पाठ कर’ म्हणून परत देऊ नका, त्याला एखाद्या येणाऱ्या गुणाकाराशी बांधा. ७ × ८ अडला तर आठ-आठ ठिपक्यांच्या सात ओळी काढा आणि पाच ओळींनंतर रेघ मारा. वर पाच आठे चाळीस, खाली दोन आठे सोळा, मिळून छप्पन्न. ९ × ६ अडला तर दहा सक साठमधून एक सहा काढा. मुलं आठवडाभर असं जोडत राहतात आणि मग एके दिवशी जोडायची गरज संपते, उत्तर सरळ येतं. विसरलं तरी परत जाण्याची वाट त्यांच्याकडे असते. नुसतं पाठ केलेलं विसरलं की हाती काही उरत नाही.

बोटांवर मोजण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तासभराच्या रडारडीत ‘बोटं खाली’ हे वाक्य असतं, म्हणून सांगते. बोटं बंद करू नका. ती कशी वापरते ते बघा. ८ + ५ साठी ती एकपासून आठ मोजते का आठच्या पुढे पाच मोजते? पुढे मोजत असेल तर ती पुढची पायरी आहे. त्यानंतर दहा पूर्ण करायला शिकवा: पाचातले दोन आठला दिले, दहा झाले, उरले तीन, तेरा. हे हाताशी आलं की बोटं आपोआप सुटतात. जबरदस्तीनं सोडवली तर मूल टेबलाखाली मोजतं.

घरचा सराव रोज पंधरा मिनिटं पुरे, आणि आठवड्यातून पाच दिवस. तासाभराची एक बैठक आणि पंधरा मिनिटांच्या चार बैठका सारख्या नसतात. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला होता, त्यांनाही हेच आढळलं की दिवसांत विभागलेला सराव जास्त टिकतो. दुसरी गोष्ट, एकाच प्रकारची दहा गणितं देऊ नका. दहाच्या दहा हातच्याची वजाबाकी असली की मूल विचार करणं सोडून देतं, प्रत्येक ठिकाणी दशक सुटा करतं, ८४ − ५२ मध्येसुद्धा. त्याऐवजी सहा गणितं द्या: एक वजाबाकी सुटे करण्याची, एक साधी, एक बेरीज, मागच्या महिन्यातलं एक, एक शाब्दिक, आणि एक तुम्ही मुद्दाम चुकीचं सोडवलेलं, ज्यातली चूक तिनं शोधायची. हे शेवटचं मुलांना सगळ्यात आवडतं. सोडवण्याआधी अंदाज विचारा: ‘५२ मधून २७ गेले, तीसपेक्षा जास्त उरतील का कमी?’ तो अंदाज घेण्याची सवय लागली की ३५ हे उत्तर तिचं तिलाच खटकेल. खोडरबर थोडं लांब ठेवा. चुकलेलं एका रेघेनं कापायचं, पुसायचं नाही, कारण पुसलं की तुम्हालाही कळत नाही आणि तिच्या बाईंनाही कळत नाही की ती काय विचार करत होती.

तुमच्या स्वतःच्या मनःस्थितीबद्दल बोलू का? २०१५ साली अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती होती आणि जे वारंवार गृहपाठाला मदत करत होते, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची भीतीही वाढली. धास्ती असूनही जे फारशी मदत करत नव्हते, त्यांच्या मुलांना तो फटका बसला नाही. याचा अर्थ मदत करू नका असा मी लावत नाही. पण आवाज चढायला लागला की वही बंद करा, पंधरा मिनिटं झाली नसली तरी. आणि ‘मलाही गणित कधी जमलं नाही’ हे तिच्यासमोर म्हणू नका. ते धीर देण्यासाठी म्हटलेलं असतं, पण ऐकणाऱ्याला सुटका वाटते.

वर्गात मला तीन गोष्टी हव्या असतात. एक, प्रत्येक मुलाच्या हातात पाटी. मी ५२ − २७ लिहिते, सगळ्यांनी उत्तर लिहून एकदम पाटी वर करायची. पाच सेकंदांत मला कळतं की किती जण ३५ वर आहेत. हात वर करणाऱ्या एकाला विचारलं तर बाकीच्यांचं काहीच कळत नाही. दोन, आलेली सगळी उत्तरं, २५, ३५, एखादं ७९, मी नाव न घेता फळ्यावर लिहिते आणि विचारते, ‘हे उत्तर काढणाऱ्यानं कसा विचार केला असेल?’ मुलं एकमेकांची चूक फार नेमकी ओळखतात, आणि ज्याचं चुकलं तोही मान खाली न घालता त्यात भाग घेतो. तीन, थांबणं. मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणं मोजली, तर शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प मुलंही बोलू लागली. मी घड्याळ लावून स्वतःला तपासलं होतं. तीन सेकंद फार लांब वाटतात. घरीही थांबून बघा.

शाब्दिक गणितांत एक सवय मोडायला हवी, ती म्हणजे शब्द हेरण्याची. ‘जास्त’ आलं की बेरीज, ‘उरले’ आलं की वजाबाकी. ‘मीनाकडे १२ मणी आहेत. ते समीरच्या मण्यांपेक्षा ५ ने जास्त आहेत. समीरकडे किती?’ शब्द हेरणारं मूल १७ सांगतं. दोन पट्ट्या काढल्या, मीनाची लांब, समीरची आखूड, मधलं अंतर ५, की ७ दिसतं. १९८० च्या सुमारास फ्रान्समध्ये मुलांना विचारलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दोन संख्यांची काहीतरी क्रिया करून वय सांगितलं. त्या मुलांना वाचता येत होतं. गणितात गोष्टीचा अर्थ लावायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून तिला गणित वाचून झाल्यावर आकडे झाकून गोष्ट सांगायला लावा.

बरोबरीच्या चिन्हाचंही तसंच. ८ + ४ = □ + ५ दिलं तर पुष्कळ मुलं चौकटीत १२ लिहितात, कारण त्यांच्या लेखी ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिही’. रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली हे चिन्ह वापरलं तेव्हा दोन समांतर रेघांइतकं सारखं दुसरं काही असूच शकत नाही, असं कारण दिलं होतं. तिला कधी ७ = ३ + ४ असं उलटं लिहून द्या आणि ‘हे खरं की खोटं?’ विचारा. उत्तरावरून बरंच कळेल.

राहिला शाळेच्या पद्धतीचा प्रश्न. दोन पद्धती आल्यानं मूल गोंधळत नाही, दोन मोठी माणसं एकमेकांची पद्धत चूक म्हणतात तेव्हा गोंधळतं. तुमची पद्धत लगेच सांगू नका. “बाईंनी कसं शिकवलं ते मला शिकव,” म्हणा आणि खरोखर विद्यार्थी व्हा, मध्ये प्रश्न विचारा. ती जिथे ‘असंच करायचं असतं’ म्हणेल, तिथे तिला समजलेलं नाही. ती जागा लिहून ठेवा आणि चुकलेल्या उत्तरांच्या त्या कागदाबरोबर बाईंना भेटून दाखवा. कुठलीही शिक्षिका ‘हिचं गणित कच्चं आहे’ या तक्रारीपेक्षा असा कागद घेऊन आलेल्या पालकांना जास्त मदत करू शकते.

एकच गोष्ट वेगळी जोखा. चार-पाच ठिपके न मोजता ओळखता येत नसतील, ८ मोठा की ६ यासाठी विचार करावा लागत असेल, आणि महिना-दोन महिने काड्यांवर काम करूनही फरक पडत नसेल, तर गणिताच्या अध्ययन अक्षमतेची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. तुम्ही लिहिलं आहे त्यावरून मला तसं वाटत नाही. जी मुलगी ६१ − ३८ मध्येही तोच नियम न चुकता लावते, तिची विचार करण्याची यंत्रणा चांगली चालू आहे. उद्या संध्याकाळी ५२ काड्या घेऊन बसा आणि तिला आधी विचारा, “हे ३५ तू कसे काढलेस?”